ट्रॅक्टर मागे कसा पडला

भेंडी घेताना शेंडा मोडून बघायची मला सवय आहे. आईची होती, तिच्या आईचीही असणार. टिटवाळ्याच्या आमच्या नव्या बिल्डिंगच्या गेटवर बसणाऱ्या द्वारकामावशीने पहिल्याच दिवशी माझ्या हाताकडे बघत विचारलं, "ताय, शेंडा कशाला मोरतेस गो?"

"कोवळी आहे का बघते."

"कोवली लागली तं घेतेस?"

"घेते की."

"मंग ह्या मोरलेल्या परत टोपलीन का टाकल्यास?"

मुकाट्याने त्या उचलल्या आणि पिशवीत टाकल्या. पण ती भांडायला विचारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. माझं उत्तर ऐकायला तराजू हातात धरून थांबली होती आणि मागे दोन बायका खोळंबल्या होत्या.

मावशी आगरी. तिच्या तोंडी गाडीची गारी होते, लाकडाचं लाकूर आणि 'मला'चं 'मना'. सुरुवातीला मी दर वाक्याला "काय?" म्हणायचे, मग कान सरावला. तिचं गाव टिटवाळ्याच्या पलीकडे, नदीच्या अंगाला. पावसात भात आणि बांधाला थोडी काकडी-भेंडी, थंडीत भेंडी, वाल. नवरा हिराजीभाऊ आणि मुलगा नीलेश शेत बघायचे, आणि तिथलं निघेल ते ही गेटवर घेऊन बसायची. मुलगी मानपाड्याला दिलेली. नीलेश सकाळी बाइकवरून टोपल्या आणून द्यायचा. हसरा, उंच, केस डोळ्यांवर आलेले. टोपली ठेवली की निघायची घाई, आणि तेवढ्यात हिचा प्रश्न ठरलेला. "नीलू, तो पोऱ्या कानान कं घालून फिरते? त्याला वायर का नाय?" तो बाइकवर बसल्या बसल्या तिला ब्लूटूथ समजावून सांगायचा. चिडलेला मी त्याला कधी बघितला नाही.

तिच्या प्रश्नांना बिल्डिंगमधले काही लोक वैतागायचे. चौथ्या मजल्यावरच्या साठेबाई तर तिला 'चौकशी खिडकी' म्हणायच्या. मला मात्र मजा वाटायची. एकदा ती मला म्हणाली, "ती लिफ्ट वर जाते, तवा तिला कोन खेचते?" मी म्हटलं, मशीन. "मशीन कय हाय?" गच्चीवर. झालं. दुसऱ्या दिवशी भाजी वॉचमनच्या ताब्यात देऊन बाई गच्चीवर. वॉचमनच्या हातापाया पडून मशीनची खोली उघडून घेतली आणि लिफ्टच्या उलट बाजूने खाली-वर होणारं ते मोठं लोखंडी वजन बघून आली. खाली आल्यावर तोंडभर हसत मला सांगितलं, "यो खाली उतरते तवा ती वर चरते गो. हलकी होते बिचारी." मी त्या लिफ्टने रोज जाते-येते, ठाण्याच्या ऑफिसात उभा जन्म लिफ्टने गेले. मला असं वजन असतं हे ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यावंसंही कधी वाटलं नव्हतं.

"इचारला म्हनून कोन मेला नाय," हे तिचं वाक्य. कोणी तोंड वाकडं केलं की ती हे म्हणायची आणि परत विचारायची.

दोन वर्षांमागच्या पावसाळ्यात, चिखलणीच्या दिवसांत, नीलेश गेला.

भाताची रोपं लावण्याआधी खाचरात पाणी साठवून त्याचा चिखल करतात, ती चिखलणी. पूर्वी बैल करायचे, आता ट्रॅक्टर. गावात मोजकेच ट्रॅक्टर, त्यातला एक नीलेशचा. घरचं शेत करून तो दुसऱ्यांचंही करायचा. त्या सकाळी तो आपल्याच नदीकडच्या खाचरात होता, ट्रॅक्टर चिखलात रुतला, काढताना पुढून उचलला गेला आणि त्याच्यासकट मागे उलटला. हिराजीभाऊ तिथेच बांधावर उभे होते. लोक धावत आले तोपर्यंत काही उरलं नव्हतं.

मला हे दूधवाल्याकडून कळलं. आम्ही नवराबायको गेलो त्यांच्या गावी. अंगणात माणसंच माणसं, मावशी भिंतीला टेकून बसलेली. मी समोर बसले, हात हातात घेतला. तिने माझ्याकडे बघितलं, पण ती तिथे नव्हती. मला रडू आवरेना. परत येताना आमच्या ह्यांनी रिक्षा थांबवून मला पाणी पाजलं.

मावशी आता कसली येते गेटवर, असं आम्ही धरून चाललो होतो. दिवसकार्य झालं, आणि थोड्या दिवसांनी बघते तर बाई जागेवर. टोपली शेजाऱ्यांच्या टेम्पोतून आलेली. भाजी द्यायची, तोंड उघडायचं नाही. भेंडीचे शेंडे मोडले तरी काही म्हणायची नाही. मला ते सहन होईना, म्हणून मी मुद्दाम जास्त मोडायचे.

मग एका सकाळी तिने विचारलं. मला नाही, समोरच्या प्लॉटवर खोदकाम करणाऱ्या जेसीबीवाल्याला. डोक्यावर टोपली घेऊन ती सरळ जेसीबीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. तो पोरगा घाबरून इंजिन बंद करून खाली उतरला. "हटो ना मावशी, मरना है क्या?" तर ही म्हणते, "मना सांग, टॅक्टर पुढं चालते ना? मंग मागं कसा परला?"

तो बिचारा यूपीचा. त्याला निम्मं कळलं, निम्मं नाही. मी मधे पडून समजावलं. तो म्हणाला, मैं तो जेसीबी चलाता हूं.

त्या दिवसापासून तिचा तेवढा एकच प्रश्न राहिला. रिक्षावाल्यांना विचारला, पाण्याच्या टँकरवाल्याला विचारला, आमच्या ह्यांना विचारला. हे बँकेत होते, त्यांनी गुरुत्वमध्य वगैरे सांगायला सुरुवात केली तशी मीच त्यांना गप्प केलं. मावशीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भाऊ, तुमाला पन म्हायती नाय." खरंच माहीत नव्हतं.

मला आधी वाटलं, दुःखाने हिचं डोकं फिरलंय. मग हळूहळू तिच्याच बोलण्यातून कळलं की गावाकडे उत्तरं भरपूर होती. चुलतदीर म्हणाला, पोरगा पिऊन होता. कोणी म्हणालं, मोबाइलवर बोलत होता. पोलिसांनी ताबा सुटला असं लिहून घेतलं. आणि म्हातारी माणसं म्हणाली, ती जागा चेड्याची. चेडा म्हणजे शिवेवरचा राखणदार देव. त्याच्या वाटेत ट्रॅक्टर घातला, त्याने उलटा फेकला. चेड्याला बोकड द्यायचं ठरलं, हिराजीभाऊंनी मान खाली घालून होय म्हटलं, आणि बोकड दिलाही. मावशीने त्याला विरोध केला नाही. "देवाचा देवाला द्यावा," म्हणाली. "पन माझा पोर पीत नव्हता गो. मी आये हाय, त्याचे तोंडाचा वास मना म्हायती. आनि मोबाइल तं घरान चार्जिंगला व्हता."

मी तिला म्हटलं, "मावशी, भाऊ तर तिथेच होते. त्यांना विचारलंस का?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी वंगाळ बोलले. "त्यांचे समोर परला गो. त्यांना कसा इचारू?"

हिराजीभाऊंना मी तोवर दोनदाच बघितलं होतं. सडपातळ, कमी बोलणारा माणूस. बैलगाड्यांच्या काळात गावात त्यांचं नाव होतं, ते चिखलातून गाडी काढण्यासाठी. कोणाचीही गाडी रुतली की हाक हिराजीला. हा माणूस यायचा, चाकापुढे बरोब्बर जागी लाकूड सारायचा, बैलांना एक आवाज द्यायचा आणि गाडी वर. हे मला मावशीनेच पूर्वी कौतुकाने सांगितलं होतं.

शेवटी मला कोणीतरी सांगितलं की कल्याणला मार्केटच्या मागे एक जुने मिस्त्री आहेत, त्यांचं आयुष्य ट्रॅक्टरखाली गेलंय. मी मावशीला बोलले आणि बोलून फसले. दुसऱ्याच दिवशी ती धुवट लुगडं नेसून माझ्या दारात हजर. "तू चल. मी बोलले तं त्याला समजंल नाय समजंल."

गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड. मिस्त्री मुसलमान, दाढी पिकलेली, चष्मा दोऱ्याने बांधलेला. मला वाटलं होतं मी बोलायचं, पण मावशीने मला बोलू दिलंच नाही. सगळं तिनेच सांगितलं. मिस्त्रींनी हातातलं काम ठेवलं आणि स्टूल पुढे केलं.

"कीचड था? फसलं होतं?"

"व्हय."

"लकडी बांधली होती काय चाकाला?"

मावशी एकदम ताठ झाली. "बांधला व्हता. बाभलीचा लाकूर. दोन्ही चाकांना दोरीनं. मी धुवून ठेवलाय घरान."

मिस्त्रींनी डोळे मिटले. "सगळे तेच करतात, चाक लकडीवर चढून बाहेर येईल म्हणून," म्हणाले. "मुरबाड, शहापूर, भिवंडी, सगळीकडे. कितीदा सांगायचं. कोणी ऐकत नाही, कारण दहादा गाडी निघते."

मग ते उठले. ड्रिल मशीन घेतलं, त्याचं पुढचं टोक बाकावरच्या शिकंज्यात घट्ट आवळलं आणि मशीनचा मागचा भाग मावशीच्या हातात दिला. वर स्वतःचा हात ठेवला. "अम्मा, टोक फिरलं पाहिजे. ते मी पकडून ठेवलंय. आता बघा." आणि बटण जरासं दाबून सोडलं.

मशीन मावशीच्या हातात गर्रकन वळलं. ती दचकली, मी किंचाळले. मिस्त्री म्हणाले, "इंजिनला फिरायचंच असतं. चाक फिरलं तर गाडी पुढे जाते. चाक लकडीने अडवलं तर इंजिन गाडीलाच फिरवतं, चाकाच्या भोवती. पुढचं तोंड वर, आणि मागे. उतरायला टाइम मिळत नाही. चांगल्या ड्रायव्हरला पण नाही."

"परत लावा," मावशी म्हणाली.

त्यांनी परत लावलं. तिने तिसऱ्यांदा लावायला सांगितलं. मनगट लाल झालं तरी तिचं समाधान होईना. मग ती स्टुलावर बसली, आणि नीलेश गेल्यापासून मी पहिल्यांदा तिला रडताना बघितलं. मिस्त्रींनी चहा मागवला. "पिऊन नव्हता," ती मला सांगत होती, "ताबा पन सुटला नव्हता त्याचा, ऐकलास ना तू?" मी ऐकलं होतं. खूप बरं वाटलं मला त्या वेळी. म्हटलं, सुटली बाई एकदाची.

छे. परतीच्या रिक्षात ती मनगट चोळत बसली. टिटवाळा आलं तरी उतरेना. मग रस्त्याकडे बघत म्हणाली, "बैलाचे गारीला बैल पुढून वढतान. चाकाला जोर नस्ते. म्हनून लाकूर चालते."

मी हं म्हटलं.

"नीलूला लाकूर लावायला त्याचे बापानं शिकवला. आनि त्या दिवशी बांधावरनं लाकूर आनून दिला तो पन त्यानंच. त्याचे बैलगारीचा लाकूर तो, मना वलखाला येते."

रिक्षावाला मीटर बंद करून मागे बघत होता. मी त्याला थांब म्हणून खूण केली.

"मी बोलले तं तो मरंल गो," ती म्हणाली. "नाय बोलले तं मिरगानंतर आनखी कोनाचा पोर मरंल. सगल्यांचे टॅक्टरवर लाकूर हाय."

एरवी मला प्रत्येक गोष्टीवर मत असतं, न विचारता देते मी ते. त्या दिवशी मात्र मी नुसते रिक्षाचे पैसे मोजत राहिले. बोलावं तरी वाईट, न बोलावं तरी वाईट. ती उतरली आणि टेम्पो धरायला गेली.

अख्खा हिवाळा आणि उन्हाळा तिने हे पोटात ठेवलं. गेटवर बसायची, भाजी विकायची. मधूनच मला म्हणायची, "जेवतो तो आथा बरा. काल दोन भाकऱ्या खाल्ल्यान." मी समजायचे, आज पण नाही बोलली.

त्यांच्या गावात मृग लागायच्या आधी गावदेवीपुढे बैठक बसते. कोणाचा ट्रॅक्टर कोणाच्या शेतात आधी, हे तिथे नारळ फोडून ठरतं. बैठक पुरुषांची. मावशी मला म्हणाली, "तू ये. मना कोन गप्प बस बोलला तं तू त्याला गप्प बसव." हे काम मला जमण्यासारखं होतं. मी गेले.

देवळासमोरच्या पटांगणात माणसं बसली होती, हिराजीभाऊ खांबाला टेकून एका कडेला. पलीकडे ट्रॅक्टर उभे. नारळ फुटला आणि मावशी ते धुतलेलं लाकूड घेऊन सरळ मधे गेली. खाली ठेवलं. कोणीतरी "वयनी, आथा हे कशाला" म्हणालं, पण जोर करून उठवायला कोणी पुढे झालं नाही. मला तोंड उघडावंच लागलं नाही.

तिने मिस्त्रींनी सांगितलेलं सगळं सांगितलं. बैलाची गाडी कशी, ट्रॅक्टर कसा. चाक नाही फिरलं तर गाडी फिरते. ड्रिलची गोष्ट सांगताना मनगट वळवून दाखवलं. एक तरणा ड्रायव्हर म्हणाला, "काकी, आमी तं नेहमी बांधतो. काय होत नाय."

"त्यानं पन नेहमी बांधला व्हता," मावशी म्हणाली.

मग चुलतदिराने विचारलं, "मंग त्याला लाकूर दिला कोनी?"

भाऊ जमिनीकडे बघत होते. मावशीने त्यांच्याकडे बघितलंही नाही. "मी दिलता," ती म्हणाली. "मी न्याहारी घेऊन शेतान जेलते. रुतला बघितला ना लाकूर दिला. मना कं म्हायती?"

ती त्या सकाळी गेटवर होती. माझ्याकडून काकडीचे पैसे घेत होती. मी तोंडावर पदर धरला.

सगळ्यांनी तिचं ऐकलं असं नाही. पण त्या दिवशी काही जणांनी उठून आपापल्या ट्रॅक्टरवरची लाकडं काढून टाकली. 'काय होत नाय' म्हणणाऱ्याने सगळ्यात शेवटी काढलं. ट्रॅक्टर रुतला तर दुसरा बोलवायचा आणि खालच्या आकड्याला साखळी लावून हळू ओढायचा, असं ठरलं. ते मिस्त्रींनीच सांगितलं होतं.

आणि गावाला नवीन विषय मिळाला. आईनेच लाकूड दिलं. आईच्या हातून गेला पोर. कालपर्यंत दारू म्हणणारी तोंडं आता हे म्हणायला लागली. बायका तिच्याशी बोलताना नजर चुकवायच्या. मी संतापाने वेडी व्हायची बाकी होते. म्हटलं, मी सांगते सगळ्यांना. तर म्हणाली, "खबरदार. बोलतान ना थकतान. मी सोसंन. त्याला नाय सोसायचा."

पावसाळा गेला. कोणाचा ट्रॅक्टर उलटला नाही. थंडीत भेंडी आली तेव्हा टेम्पोवाला आजारी होता, म्हणून एका सकाळी टोपली डोक्यावर घेऊन हिराजीभाऊ स्वतः आले. टोपली उतरवली आणि कुठे बसावं ते न कळून गेटला धरून उभे राहिले. मी भाजी निवडत होते. तेवढ्यात साठेबाई आल्या. जीभ म्हणजे ना त्यांची. कुठून तरी ऐकलं होतं, आणि त्यांना वाटलं आपण सांत्वन करतोय. "मावशी, कळलं हो. तुम्हीच दिलेल्या लाकडाने झालं म्हणे सगळं. मनाला लावून घेऊ नका हं, आईच्या हातून होतं असं कधी कधी."

मावशीने "व्हय" म्हटलं आणि तराजू उचलला.

"तिनं नाय," मागून आवाज आला. "लाकूर मी दिलता."

साठेबाईंनी वळून बघितलं. भाऊ गेट सोडून पुढे आले होते. "ती तथं नव्हतीच. मी दिलता माझे हातानं," ते म्हणाले. मग साठेबाईंकडे पाठ करून मावशीसमोर उकिडवे बसले. साठेबाई पिशवी तिथेच विसरून निघून गेल्या.

मावशीने तराजू खाली ठेवला. "तुमाला कोनी सांगितला?" तिने विचारलं. "बैठकीन समजला तुमाला? मी बोलले तवा?"

भाऊंनी मान हलवली. "तथंच समजला. चाक जागेवर ना तोंड वर उठला. मी लाकूर सोरलाच व्हता हातातना. बघत व्हतो."

"म्हंजे पहिल्यापासून?"

"व्हय."

जेसीबीवाला, टँकरवाला, आमचे हे, कल्याणचे मिस्त्री, सगळं मला आठवलं. दीड वर्ष ही दोघं एका ताटाशी बसून एकमेकांपासून तेच लपवत होती.

"मंग मना सांगाचा व्हता," ती म्हणाली.

"तू सगल्यांना इचारत व्हतीस," भाऊ म्हणाले. "रोज वाट बघायचो. मनाच इचारला नाय तू."

मावशीने पदर तोंडाला लावला आणि तिथे, भर गेटवर, मोठ्याने रडली. भाऊ उकिडवेच बसून होते. स्वतःही रडत रडत त्यांनी भेंडीची टोपली तिच्या पुढून बाजूला घेतली, तिचे पाय लागू नयेत म्हणून. मी वॉचमनला आत पाठवलं आणि स्वतःही आत आले, हे मला शोभत नसलं तरी.

त्या दिवशी भाजी विकली गेली नाही. थोड्या वेळाने मी खिडकीतून बघितलं तेव्हा दोघं स्टेशनच्या रस्त्याने परत चालले होते. टोपली भाऊंच्या डोक्यावर, मावशी बाजूने चालत होती, मान वर करून त्यांच्या तोंडाकडे बघत. ती काहीतरी विचारत होती. ते एक हात टोपलीवरून काढून पुढे धरून दाखवत होते, चाक इथे, तोंड असं. ती थांबली, परत काही विचारलं, आणि रस्त्याच्या मधोमध उभं राहून त्यांनी तिला पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.